ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंधिया स्कूल : दिवाळी अंकातील मजकुराविषयी

अंक समितीकडून

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात बृहन्महाराष्ट्रातील संस्थांवर एक विभाग असून त्यात ग्वाल्हेरच्या सिंधिया स्कूलसाठी एक पान राखून ठेवले आहे. आलेल्या मजकुरात ‘शिंदे सरकारांच्या राजवाड्यात १८९७ साली सुरू झालेली राजपुत्रांची शाळा’ असे वाक्य आहे. ज्यांचा ग्वाल्हेरशी संबंध आहे त्यांनी ते कृपया तपासून द्यावे. त्या शाळेत आज मराठी म्हणावे असे काय उरले आहे, हेही कळल्यास बरे होईल.

उत्तर : ग्वाल्हेरकर सभासदाकडून

अंक समितीस सप्रेम नमस्कार.

त्या वाक्यातले साल तेवढे बरोबर आहे. राजवाडा म्हणजे जयविलास. तो किल्ल्याखाली शहरात आहे, जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली बांधून घेतलेला, आणि जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला पर्यटक जातात तोही हाच. शाळा त्या राजवाड्यात नाही. ती वर, किल्ल्याच्या पठारावर आहे. मानसिंह तोमराच्या मानमंदिरातही ती भरत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण छायाचित्रात निळ्या फरशांची ती भिंत दिसली की लोकांचा तसा समज होतो.

शाळेचे आवार समजून घ्यायचे तर १८५८ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षीच्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या सैन्याकडून इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले, परंतु किल्ला मात्र शिंद्यांच्या हवाली न करता तिथे आपली फौज ठेवली. पुढे १८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ला जयाजीरावांना परत मिळाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या २८ वर्षांत गोऱ्या पलटणीसाठी वर बराकी बांधल्या गेल्या होत्या. फौज गेल्यावर मोकळ्या पडलेल्या या बराकींत पुढे शाळेचे बस्तान बसले. ज्या किल्ल्यासाठी एवढा रक्तपात झाला, तिथल्या लष्करी इमारतींत मुले राहू आणि शिकू लागली, ही गोष्ट मला ‘राजवाड्यातील शाळा’ या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक सांगण्याजोगी वाटते.

‘राजपुत्रांची’ हा शब्दही बदलावा. जयाजीरावांचे पुत्र माधवराव महाराज यांनी विशीच्या उंबरठ्यावर असताना स्थापन केलेल्या या शाळेचे मूळ नाव सरदार्स स्कूल असे होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज किंवा अजमेरचे मेयो कॉलेज ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, संस्थानिकांच्या मुलांसाठी निघाली. ग्वाल्हेरची शाळा एका संस्थानिकाने आपल्याच पदरच्या सरदार घराण्यांसाठी काढली. आंग्रे, शितोळे, फाळके अशी मराठी घराणी जहागिरी सांभाळून तिथे स्थायिक झालेली होती, आणि त्यांच्या पुढच्या पिढीला तलवार व वंशावळ यांखेरीज कारभाराचे काही शिक्षण असावे, ही त्यामागची गरज होती. (याच माधवरावांनी १९१८ साली पं. भातखंड्यांच्या मदतीने संगीत विद्यालयही काढले. त्यावर स्वतंत्र पान द्यावे, अशी माझी सूचना आहे.)

शाळेचे रूप पालटले ते १९३३ साली. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले होते, त्यांचे पुत्र जिवाजीराव अद्याप अल्पवयीन होते आणि राज्याचा कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. या काळात सरदारांपुरती असलेली ही संस्था सर्वांसाठी खुली झाली आणि तिला आजचे नाव मिळाले. त्या घडणीत प्राचार्य एफ. जी. पिअर्स यांचा मोठा वाटा आहे. ते थिऑसॉफिस्ट, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणाऱ्या, विचारांचे शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांच्या काळापासून चालत आलेली ‘अस्ताचल’ ही प्रथा शाळेची खरी ओळख आहे. संध्याकाळी मुले पठाराच्या पश्चिमेकडच्या कडेला उघड्यावर मावळतीकडे तोंड करून शांत बसतात. खेळाच्या मैदानावरून नुकतीच आलेली, घामेजलेली दहा-बारा वर्षांची मुले चुळबूळ न करता बसलेली पाहिली की अनोळखी माणसाला आश्चर्य वाटते. ‘सा विद्या या विमुक्तये’ हे शाळेचे ब्रीद आहे.

आता मराठीविषयी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, आणि मुले देशभरातून येतात. अमीन सयानी, नटवर सिंह, अनुराग कश्यप हे इथले माजी विद्यार्थी. मराठीपण पाहायचे ते वसतिगृहांच्या नावांत. राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव, शिवाजी अशी ती नावे आहेत. त्यांतला जयाप्पा १७५५ साली नागोरला दग्याने मारला गेला. लहान मुलांच्या वसतिगृहांना दत्ताजी, निमाजी आणि कण्हेरखेड अशी नावे आहेत. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले, महाराष्ट्रातही किती जणांना माहीत असेल? आसाम किंवा पंजाबातून आलेला मुलगा मात्र ‘मी कण्हेरखेडचा’ असे सहज सांगतो. अंकातील पानाचा मथळा याच नावाभोवती गुंफावा, असे मला वाटते.

प्रत्युत्तर : अन्य सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका आहे. तेली मंदिर, सासबहू मंदिर, शून्याचा प्राचीन शिलालेख असलेले चतुर्भुज मंदिर, गुरू हरगोविंदांच्या स्मृतीचा गुरुद्वारा, हे सारे ज्या किल्ल्यावर आहे, तिथे भरपूर शुल्क घेणारी खासगी निवासी शाळा असावी का? लेखात हा प्रश्न टाळला, तर तो केवळ गौरवलेख ठरेल.

उत्तर : ग्वाल्हेरकर सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

शंका रास्त आहे आणि ती लेखात यावी. आपण सांगितलेली स्थळे सर्वांना खुली आहेत आणि शाळा त्यांत भरत नाही. तिच्याकडे आहेत त्या बराकी आणि त्यांच्या आसपास नंतर वाढत गेलेले आवार. मुलांच्या राहत्या जागेत पर्यटकांना मोकळीक नसणे स्वाभाविक आहे. त्यामुळे किल्ल्याचा काही भाग सामान्य माणसाला फक्त फाटकाबाहेरूनच दिसतो, हेही तितकेच खरे. मला स्वतःला वापरात असलेली इमारत ओस पडलेल्या इमारतीपेक्षा बरी वाटते. भरपूर शुल्काचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. सरदारांची मक्तेदारी १९३३ मध्ये संपली, तरी ऐपतीची अट राहिलीच. हे वाक्य लेखात माझ्या नावावर घालण्यास हरकत नाही.

आणखी एक दुरुस्ती. याच घराण्याने मुलींसाठी काढलेले सिंधिया कन्या विद्यालय ही वेगळी संस्था आहे. ती विजयाराजे शिंदे यांनी १९५६ साली स्थापन केली आणि ती किल्ल्यावर नाही. मजकुरासोबत आलेल्या दुसऱ्या छायाचित्रात मुली दिसत आहेत, म्हणून ते या पानावर छापू नये.