मदत हवी आहे: सोराफेनिबचा आयसी-५० दर प्लेटला बदलतोय

कोपरखैरणे_सेक्टर११: हेप-जी-२ या यकृताच्या कॅन्सर पेशींवर नवीन रेणूंची मालिका तपासतोय, तुलनेला कंट्रोल म्हणून सोराफेनिब हे यकृताच्या कॅन्सरचं औषध. मागच्या आठवड्यात आयसी-५० (पेशी निम्म्यावर आणणारी मात्रा) ५ मायक्रोमोलर, परवा शनिवारी १९. प्रोटोकॉल तोच. शुक्रवारी केमिस्ट्रीला आकडे द्यायचेत. लवकर सांगा.

येऊरवाला: मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनं असलेला द्रव, किती? पेशी किती? किती तास?

कोपरखैरणे_सेक्टर११: नेहमीचंच. वेलला (प्लेटच्या एका खळग्याला) ५,०००, ७२ तास, एमटीटी (जिवंत पेशी मोजायची रंगाची चाचणी).

तुर्भे_नाका: हेप-जी-२ मुळात हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या यकृताच्या गाठीची. यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी हुह-७ किंवा हेप-३-बी पेशी घ्या.

येऊरवाला: खरंय, पण त्याने आकडा आठवड्याला हलत नाही. सीरम?

कोपरखैरणे_सेक्टर११: १० टक्के. मागच्या आठवड्यात बाटली संपत आलेली म्हणून २ वर भागवलं.

येऊरवाला: मग प्रोटोकॉल तोच कसा? सोराफेनिब ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटतं. सीरम वाढलं की मोकळं औषध घटतं.

पामबीच_रोड: आधी व्हीईजीएफआर-२ वर (सोराफेनिब ज्यांना रोखतं त्यातलं एक प्रथिन) डॉकिंग, म्हणजे रेणू बसतो का ते संगणकावर, करून घ्या, निम्मे रेणू तिथेच गळतील.

ऐरोली_पूल: डॉकिंगचं विचारलंच नाहीये. स्टॉक, म्हणजे डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ठेवलेलं औषध, बघा. पावसाळ्यात डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं आणि औषध खाली बसतं. ट्यूब उजेडात धरा, तळाशी पांढुरकी साय दिसते का? फ्रीजरमधली ट्यूब गार असताना उघडू नका. पातळ करताना पायऱ्या डीएमएसओतच करा, मीडियात एकदम शेवटी. नाहीतर वरच्या डोसला सुयांसारखे स्फटिक पडतात, सूक्ष्मदर्शकात १० एक्सखाली दिसतात. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखा, ०.३ टक्क्यांच्या आत. आणि पावडर नुसत्या औषधाची (बेस) की त्याच्या क्षाराची (टॉसिलेट)? १० मिलीमोलरला १ मिलीत बेस ४.६५ मिलिग्रॅम, टॉसिलेट ६.३७.

तुर्भे_नाका: नाहीतर त्याच प्लेटवरच्या सोराफेनिबशी गुणोत्तर द्या, भानगड मिटली.

येऊरवाला: नाही मिटत. नवे रेणू प्रथिनांना कमी-जास्त चिकटले की गुणोत्तरही सरकतं. सीरम ठरवा, बदलू नका.

पामबीच_रोड: सोराफेनिब स्वस्त झालं ते २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंट असतानाही औषध बनवायची सरकारी मुभा) मिळाल्यावर. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ९ हजारांच्या आत आला. नवीन रेणू करताना हेही डोक्यात ठेवा.

येऊरवाला: ठेवू, पण वेगळा धागा काढा. आज सोमवार. आज पेशी सीड (प्लेटमध्ये टाकणं), उद्या सकाळी डोस, शुक्रवारी सकाळी ७२ तास भरतात. कडेच्या वेल सुकतात, त्यात नुसतं पीबीएस (खारट बफर द्रावण) भरा.

कोपरखैरणे_सेक्टर११: साय आहे. पावडर टॉसिलेट निघाली, वजन बेसचं धरलेलं. आज सीड करतो. निर्जल डीएमएसओची सीलबंद बाटली कोणाकडे आहे का? महापे, रबाळे कुठेही संध्याकाळी येऊन नेतो.