कत्तलीच्या ट्रकमधून पैसे देऊन घोडा सोडवावा का?

धागा

अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने २००७ साली बंद झाले. दोन टेक्सासमधले आणि एक इलिनॉयमधला. घोडे मात्र वाचले नाहीत, त्यांचा शेवटचा प्रवास तेवढा लांबला. २०१० साली सुमारे १,३८,००० घोडे मेक्सिको आणि कॅनडाला गेले, त्यांतले बहुतेक कत्तलीसाठीच. लिलावात असे घोडे उचलणारे काही व्यापारी आता त्यांचे फोटो प्रसृत करून ‘शुक्रवारपर्यंत एवढे डॉलर आले नाहीत तर हा ट्रकमध्ये चढेल’ असे आवाहन करतात. माझे स्पष्ट मत आहे की हे पैसे देऊ नयेत. कत्तलखान्याला हवे तेवढे घोडे तो व्यापारी कुठून तरी पुरवणारच, आणि आपण मोजलेल्या जादा किमतीतून पुढच्या लिलावातली त्याची खरेदी सोपी होते.

प्रतिसाद १

आपला हिशेब बरोबर असेल, पण समोर उभ्या असलेल्या घोड्याला त्याचा काय उपयोग? पेनसिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडच्या लिलावात १९५६ साली घोडेस्वारीचे प्रशिक्षक हॅरी डी लेयर उशिरा पोहोचले आणि कत्तलीच्या ट्रकवर चढवलेला नांगराचा एक घोडा त्यांनी ८० डॉलरला उतरवून घेतला. तोच ‘स्नोमॅन’ दोन वर्षांत उड्यांच्या स्पर्धांतला राष्ट्रीय विजेता ठरला. तो विजेता ठरला नसता तरी त्याला वाचवणे योग्यच होते, असे मी मानते.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

डी लेयर यांनी एक घोडा घेतला आणि तो सांभाळला. गेल्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका बाईंच्या शेतावरून जप्त झालेले घोडे उतरवून घ्यायला मी गेलो होतो. ते सगळे त्यांनी लिलावांतून ‘वाचवलेले’ होते. थंडीत वाढलेल्या दाट केसांमुळे लांबून ते धष्टपुष्ट वाटत होते, पण हात फिरवताच एकेक बरगडी बोटांना लागली. खूर जुन्या मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते, कारण दर सहा-आठ आठवड्यांनी व्हायला हवी ती छाटणी बहुधा वर्षभर झाली नव्हती. बाईंना प्रत्येकाचे नाव पाठ होते आणि त्या रडत होत्या. अशा उपाशी घोड्याला दया येऊन एकदम भरपूर दाणा घातला, तर रक्तातले क्षार ढासळून तो काही दिवसांत मरू शकतो. त्याला थोडेथोडे लसूणघास दिवसातून अनेकदा द्यावे लागते. मोठा घोडा रोज आठ-दहा किलो गवत खातो आणि पंचवीस-तीस वर्षे जगतो. सोडवण्याची रक्कम एकदाच भरायची असते, गवताचे पैसे मात्र रोज लागतात.

प्रतिसाद ३

मी घोड्यांच्या दवाखान्यात काम करते. व्यापाऱ्याच्या आवारातून घोडा विकत घेणे आणि लिलावाच्या रिंगणात त्याच्याविरुद्ध बोली लावणे यांत फरक आहे. रिंगणात किंमत बहुधा वजनावर ठरते, तिथे दयेचा भाव लागत नाही. मात्र आणलेला घोडा निदान तीन आठवडे इतरांपासून वेगळा ठेवावाच लागतो, कारण गळ्याखालच्या गाठी पिकवणारा संसर्ग एका बादलीतूनही पसरतो. ज्याच्या वेदना थांबणारच नाहीत, त्याला डॉक्टरांच्या हातून दयामरण देणे हेही सोडवणेच आहे.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ यांच्याकडून)

रिंगणात बोली लावावी आणि संख्येला मर्यादा असावी, हे दोन्ही मला मान्य आहे. परंतु माझ्या पागेत एक जागा रिकामी आहे आणि वर्षभराचे गवत भरलेले आहे. ट्रकवरचा घोडा मी आणणार.