मदत हवी आहे : 'डॅमेज'च्या मागेपुढे कोणते शब्द लावू?

मंडळी, रावेरकडे वादळात काकांची केळी आडवी झाली. घडासकट खोडं मधोमध मोडलीत. विमा कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

'डॅमेज'ला 'मेक' चालत नाही, 'कॉज' किंवा 'डू' लागतं, आणि पुढे 'ऑफ' नाही तर 'टू' येतं, एवढं पक्कं. अनेकवचन केलं की कोर्टाने देववलेली भरपाई होते (आपल्याकडे सर्रास करतात!). पण वाऱ्याला 'स्ट्राँग', पावसाला 'हेवी', तसं नुकसानीला काय शोभेल? 'सीव्हियर' की 'एक्स्टेन्सिव्ह'? बाग निम्मी गेलीय, सगळी नाही. आणि 'सफर्ड डॅमेज' पिकाबद्दल म्हणतात का? असली पत्रं कुणी लिहिली असतील तर सांगा ना भो, उद्याच द्यायचंय.