विद्यार्थ्यांचे विधी नियतकालिक सुरू करायचे आहे: आधी काय करावे?

शाहूपुरीकर (प्रश्न):
आम्ही कोल्हापुरात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकणारे सहा विद्यार्थी असून, विद्यार्थ्यांनीच संपादित केलेले सहामाही नियतकालिक काढण्याच्या विचारात आहोत. नाव ठरले आहे, मुखपृष्ठही तयार आहे, लेख मात्र अद्याप एकही नाही. एका ज्येष्ठ मित्राचा सल्ला असा की, आधी आयएसएसएन क्रमांक आणि यूजीसी-केअर (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या) यादीत स्थान मिळवावे आणि प्रत्येक लेखकाकडून हजार रुपये घ्यावेत. हे योग्य आहे का? शिवाय सर्वच कायद्यांवरील लेखन स्वीकारावे की विषय मर्यादित ठेवावा?

जुना संपादक:
आपल्या मित्राची माहिती जुनी झाली आहे. यूजीसी-केअर यादी बंद केल्याचे आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्येच जाहीर केले. आयएसएसएन हा केवळ आठ अंकी ओळख क्रमांक असून तो दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. त्यावरून लेखांचा दर्जा ठरत नाही. लेखकाकडून पैसे मात्र मुळीच घेऊ नयेत, कारण एकदा ते घेतले की सुमार लेख परत पाठवण्याचा अधिकार नैतिकदृष्ट्या तुमच्याकडे उरत नाही. अंक ऑनलाइन काढल्यास ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही नियतकालिक चालवण्याची प्रणाली मोफत मिळते, त्यामुळे खर्च फारसा येत नाही.

लेख छापण्याजोगा आहे का हे तपासणाऱ्या परीक्षकाकडे पाठवताना, लेखक कोण ते कळू नये म्हणून त्याचे नाव काढतात, परंतु ते फाइलच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) राहून जाते. आमच्या पहिल्या अंकात नेमके हेच घडले आणि परीक्षकांनीच ते हसत दाखवून दिले.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या सहा जणांची. तुम्ही सगळे एकाच वेळी बाहेर पडणार असल्याने दुसरा अंक काढायला कोणी उरणार नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निदान तिघे आजच मंडळात घ्या आणि त्यांना पत्रव्यवहारापासून मुद्रितशोधनापर्यंत सर्व कामांत बसवा.

कसबा बावडा:
विषय मर्यादित ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यघटना आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील लेख देशभरातील नियतकालिकांत भरून वाहत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे तेथे चालतात. त्या निकालांवर दीड-दोन हजार शब्दांची चिकित्सक टिपणे नियमितपणे छापली, तर येथील वकीलही ती वाचतील.

यात दोन पथ्ये पाळावीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार निकालाचा मूळ मजकूर छापता येतो, पण खासगी निकालपत्रिकांतील (निकाल संपादित करून छापणाऱ्या प्रकाशनांतील) सारांश उचलता येत नाहीत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पत्रिकेने केलेल्या परिच्छेद-क्रमांकनालाही संरक्षण दिले, म्हणून मजकूर न्यायालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. दुसरे म्हणजे अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरील रास्त टीका हा न्यायालयाचा अवमान नाही, असे 1971 च्या कायद्याचे कलम 5 सांगते. सुरू असलेल्या प्रकरणांना मात्र हात लावू नये.

जुना संपादक:
सर्किट बेंचची कल्पना मला फारच पटली. एक भर घालतो. लेखकाकडून लेखी संमती घ्यावीच आणि तीत मुदत व क्षेत्र स्पष्ट नोंदवावे. हक्क हस्तांतरित करून घेत असाल आणि हे दोन्ही तपशील नसतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत पाच वर्षांची आणि क्षेत्र भारतापुरतेच धरले जाते. ऑनलाइन अंकाला ते पुरणार नाही.

शाहूपुरीकर:
आपणा दोघांचा आभारी आहे. मुखपृष्ठ तूर्त बाजूला ठेवले असून दुसऱ्या वर्षाच्या दोघींशी आज सायंकाळी बोलणार आहे. टिपणे मराठीतही स्वीकारली, तर उद्धरणांची (निकालांचे संदर्भ देण्याची) पद्धत इंग्रजी टिपणांसारखीच ठेवावी का?

कसबा बावडा:
पद्धत एकच असावी. खटल्याचे नाव देवनागरीत द्यावे, निकालाचा तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक) मात्र मुळाप्रमाणेच ठेवावा, म्हणजे वाचकाला निकाल शोधता येईल.