दंड एवढा मोठा आहे तरी गिरणा नदीतून वाळू चोरणारे डंपर का थांबत नाहीत?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी, इथं कायद्याची माहिती असणारी बरीच माणसं आहेत म्हणून विचारतो. आमचं गाव भडगाव-पाचोरा पट्ट्यात, अगदी नदीला लागून. रात्री जेवणं उरकली की पात्रात ट्रॅक्टर उतरतात आणि मागून डंपर, पहाटेपर्यंत धडधड चालू. जिथं गुडघाभर वाळू होती तिथं आता खडक उघडा पडलाय, आणि काठावरच्या विहिरी उन्हाळा लागायच्या आधीच तळ दाखवतात, कारण पाणी धरून ठेवायची ती वाळूच ना. बरं कायदा नाही असंही नाही. जमीन महसूल कायद्याच्या कलम ४८ मधे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, गाडी जप्त होते, २०१५ पासून तर वाळू तस्करावर एमपीडीए, म्हणजे स्थानबद्धतेचा कायदा, लावून वर्षभरापर्यंत आत टाकता येतं. मग यांना भीती का वाटत नाही? ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे की दंड दहापट करा, सरळ जन्मठेप ठेवा. तुमचं काय मत?

पारोळ्याचे सर:
भाऊ, तळमळ समजते, पण नुसता आकडा वाढवून काही होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. इटलीतल्या बेकारिया नावाच्या विचारवंतानं १७६४ मधेच लिहून ठेवलंय की शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणारच ही खात्री माणसाला जास्त अडवते, आणि ती गुन्ह्यानंतर लवकर व्हायला पाहिजे. इंग्लंडमधे १८०८ पर्यंत खिसा कापला तरी फाशी होऊ शकत होती, आणि फाशी बघायला जी गर्दी जमायची त्या गर्दीतच लोकांचे खिसे कापले जायचे! समोर माणूस लटकतोय तरी हात थांबत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं मी काही सापडत नाही. दुसरं म्हणजे शिक्षा फार भयंकर असली की ती द्यायलाच लोक कचरतात. तिथले ज्यूरीवाले फाशी टळावी म्हणून चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरायचे. उद्या जन्मठेप ठेवली तर पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला तुमच्या गावातला कोण पुढं येईल, सांगा.

जुना महसूलवाला:
सर बोलले ते शंभर टक्के खरं. मी महसूलमधे होतो, कुठल्या तालुक्यात ते राहू द्या. आमची गाडी ऑफिसच्या गेटातून बाहेर पडली की समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेलं पोरगं मोबाईल काढायचं. पुढं फाट्यावर दुसरं, नदीच्या वळणावर तिसरं. आम्ही पात्रात पोचेपर्यंत ट्रॉली रिकामी, ट्रॅक्टर कुणाच्या तरी बांधावर उभा, ड्रायव्हर म्हणणार साहेब नांगरटीला आलोय, आणि फाळक्याच्या फटीत ओली वाळू अजून गळत असायची. आता एवढ्यावर काय सिद्ध करणार? आणि एखादा भरलेला सापडलाच तर पंचनामा, नोटीस, खुलासा, आदेश, मग अपील, तोपर्यंत बाँडवर सुटलेली गाडी परत नदीत. सापडतो तो पगारी ड्रायव्हर, मालक घरी झोपलेला. त्याच्या वहीत दंड हा डिझेलसारखा एक खर्च आहे, शंभर खेपांत एखादी धरली जाणार हे त्यानं आधीच गृहीत धरलंय. पाचपटीचा आकडा कागदावर जबरदस्त दिसतो पण त्याला शंभरानं भागून बघा.

अमळनेरची ताई:
दादांच्या खर्चाच्या मुद्द्यावरून आठवलं, इस्रायलमधे हैफा शहरातल्या पाळणाघरांमधे एक प्रयोग झाला होता, २००० साली छापून आलाय. पालक मुलांना न्यायला उशीर करायचे म्हणून काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला, तर उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवलं म्हणून जीवाला लागायचं, आता पैसे भरलेत ना मग कशाची लाज. पुढं दंड काढून टाकला तरी लोक परत वेळेवर यायला लागले नाहीत. म्हणून मला वाटतं गावानं मालकांना ‘भरला बुवा दंड, झालं मोकळं’ असं म्हणायची सोय देऊच नये. नदी गावाची आहे, त्यांच्या घरच्या विहिरीही तिच्यावरच आहेत.

केळीवाला रावेर:
खरं शे भो सगळं, पण यावरून धाकच नको असा अर्थ कोणी काढू नका. कॅनडात मॉन्ट्रियलला ७ ऑक्टोबर १९६९ ला पोलीस संपावर गेले, सोळा तासांचा संप, तेवढ्यात बँका लुटल्या, दुकानं फोडली. काल ज्यांनी चोरी केली नव्हती त्यांनी पण हात मारले. म्हणजे धाक लागतोच, फक्त तो डोळ्यांना दिसला पाहिजे. आपल्याकडं हेल्मेटचं बघा ना, चेकिंग कुठं आहे कळलं की तेवढ्यापुरतं डोक्यावर, पुढं गेलं की परत हँडलला. दंड दोन्हीकडं सारखाच, फरक फक्त पकडणारा उभा आहे की नाही याचा.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार, ठराव बदलतोय. जन्मठेपेचं काढलं. आता असं लिहितोय की नदीत उतरायचे रस्ते चर खोदून बंद करावेत, पथकानं ठरलेल्या वेळी न येता कधीही यावं आणि दर महिन्याला कोणती गाडी धरली, मालक कोण, दंड वसूल झाला का याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. महसूलवाले दादा, चर खोदायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो का?

जुना महसूलवाला:
नुसत्या ठरावावर खोदू नका. ठराव जोडून तहसीलदारांकडं अर्ज द्या, पोच घ्या आणि तलाठ्याला जागेवर बोलवा. पलीकडं ज्यांची शेतं आहेत त्यांची वहिवाट कुठून जाते ते आधी बघा, नाहीतर वाळूवाले त्यांनाच पुढं करून तक्रार घालतील. आणि यादीत मालकाचं नाव असलंच पाहिजे, त्यावर अडून बसा.