नाशिकमध्ये राहणं खरं कसं आहे? आपापल्या भागातले अनुभव सांगा

माझी मावसबहीण ठाण्यात राहते, पुढच्या वर्षी रिटायर होतेय. परवा फोनवर म्हणाली, ताई, इकडचा फ्लॅट विकून नाशिकला यावं म्हणतेय, खरं सांग कसं आहे. वीस वर्षं इंदिरानगरला काढली तरी मला पटकन उत्तर देता येईना. माझ्यापुरतं सांगायचं तर रो-हाऊसपुढे दोन हात अंगण आहे, कढीपत्ता आहे, जास्वंद आहे, सकाळी तोडलेली मेथी दारावर येते, आणि वर्षातले काही महिने अजूनही रात्री पंखा लागत नाही. पण संध्याकाळी मुंबई नाक्यावरून घरी येताना जो जीव नकोसा होतो तोही इथलाच. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच विचारावं. कुठल्या भागात राहता ते सांगा आणि रोज काय घडतं ते लिहा. नुसतं हवा छान असं नको, ते तिला माहितीये.

जेलरोड, नाशिकरोड

मी बारा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन केलंय त्यामुळे माझं थोडं लांबेल. लग्नानंतर मुंबईत वन-रूम-किचन पण परवडेना, इथे त्याच पैशात टू बीएचके मिळाला, मग घर इथे आणि नोकरी तिकडे असं ठरलं. पहाटे पाचला उठायचं, स्टेशनच्या स्टँडला गाडी लावायची, सातच्या सुमाराला पंचवटी, पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी, आणि संध्याकाळी सव्वासहाला परत तीच गाडी. पासवाल्यांचा डबा म्हणजे आमचं दुसरं घर होतं. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाला ॲडमिशन मिळाली, सगळं आधी डब्यात कळायचं मग नातेवाईकांना. कसाऱ्याला घाटासाठी मागून बँकर इंजिनं लागायची तोवर गाडी उभी, तेवढ्यात कोणीतरी पेपरवर भेळ कालवायला घ्यायचं, आणि घाट चढून इगतपुरी आली की खिडकीतून एकदम गार वारा आत, इतका वेळ बडबडणारा डबा गप्प व्हायचा. तो वारा लागला की वाटायचं आलं घर. पण मुलीला शाळेत सोडायला मी बारा वर्षांत किती वेळा गेलो ते बोटांवर मोजता येईल, हे मला आज टोचतं. ती दहावीला कधी पोचली ते मला रविवारी-रविवारीच दिसलं. २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या आणि ऑफिसने घरून काम दिलं, आता आठवड्यातून एकदा जावं लागतं तेव्हा चौघं मिळून कारने जातो, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पुढे भिवंडीत अडकायचं ते अडकतोच. तुमच्या बहिणीला रोज मुंबई गाठायची नाहीये ना, मग निम्मं कोडं सुटलं.

जुनं नाशिक, भांडीबाजाराजवळ

वरचं वाचून माझ्या दिरांची आठवण झाली, ते पण पासवाले.

आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येते, गंगेवरून बुधवारच्या बाजारातून भाजी आणते, असंच. लग्न होऊन आले त्या पहिल्या पावसाळ्यात सासूबाईंनी शिकवलं की बातम्या नंतर बघ, आधी दुतोंड्या मारुती बघ, नदीतच उभी असलेली मोठी मूर्ती आहे ती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की दुकानातला खालचा माल वर घ्यायचा, कमरेच्या वर गेलं की सगळंच वर घ्यायचं. २००८ चा पूर बघितला, २०१६ चा बघितला, २०१९ चा पण. त्या ऑगस्टात रविवार होता, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला असं भोंग्यावरून सांगत होते, आम्ही तिघी जावा आणि मुलं, साखळी करून पातेली, तांबे, घागरी माळ्यावर चढवत होतो. तरी खालच्या फळीवरचे हंडे राहिलेच. पाणी उतरल्यावर एकेका हंड्यात वीतभर गाळ, गार आणि लोण्यासारखा मऊ, आणि त्याचा तो कुबट वास. आठ दिवस चिंच-मीठ लावून घासत होतो, माझ्या बोटांची सालं निघाली होती.

एवढं होऊनही इथून जा म्हणाल तर नाही जाणार. रंगपंचमीला रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, उघडतात ना, वरच्या फळ्या-ओंडके काढून, पूजा करून, शिजवलेला रंग त्यात ओततात आणि मग पोरं धप्पा मारायला, म्हणजे त्यात उड्या टाकायला लागतात, बाकी गाव धुळवडीला रंग खेळून मोकळं होतं आम्ही रंगपंचमीची वाट बघतो. पेशव्यांच्या काळापासूनच्या आहेत म्हणतात रहाडी. माझा मुलगा कॉलेजरोडला फ्लॅट घेऊ म्हणतोय, लिफ्ट असेल, पार्किंग असेल, गल्लीत चारचाकी शिरत नाही हे मलाही कळतं, गुडघे माझेच दुखतात. पण त्या दिवशी रात्री अकराला शेजारच्या चार घरांतून न बोलावता माणसं हंडे उचलायला आली होती, हे मी त्याला कसं समजावू.

कृषीनगर

जॉगिंग ट्रॅकला पहाटे साडेपाचला या. थंडीत कानटोपी घालून ऐंशीतले आजोबा चालताना दिसतील. माझी शुगर इथेच आटोक्यात आली. यापेक्षा जास्त काही सांगायचं नाही.

सिडको

आम्ही धुळ्याकडचे. १९९४ ला अंबड एमआयडीसीत लागलो तेव्हा गल्लीत अर्धी घरं आमच्याच भागातली, दारात अहिराणी ऐकू यायची म्हणून बायकोला करमलं. सिडकोचं छोटं घर घेतलं, मग वर एक मजला चढवला, मग मुलांसाठी अजून एक खोली. सगळ्यांनीच तसं केलं. आता प्रत्येक घरी दोन दोन गाड्या आणि गल्ली तेवढीच, मागच्या वर्षी शेजारच्या आजींना रात्री ॲम्ब्युलन्सपर्यंत खुर्चीवर बसवून न्यावं लागलं कारण ती चौकातून आत येईना.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मला या शहराने बोलावून काम दिलं, अकरावी नापास माणसाला, आणि माझ्या इंजिनिअर पोराला इथे काम नाही. मशीनशॉपमध्ये मिळेल, त्याला कॉम्प्युटरचं पाहिजे, ते पुण्यात. दर शुक्रवारी रात्री येतो, रविवारी रात्रीची बस पकडतो. नाशिक-पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, चाकणला अडकला की फोन येतो, पप्पा अजून इथेच आहे. थेट रेल्वेचं आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की ती ऐकत ऐकत पोराचं शिक्षण झालं, नोकरी लागली, आता मुलगी बघतोय. बायको दर रविवारी डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी देते आणि बस हलली की तिथेच स्टँडवर बसून राहते थोडा वेळ. शहर चांगलं आहे हो, राहायला फार चांगलं आहे, पण ज्याच्यासाठी घर वाढवलं तो वरच्या मजल्यावर दोन दिवस असतो.

गंगापूररोड

सिडकोवाल्या दादा, माझी दोघं तर अमेरिकेत आहेत, त्यामुळे तुमच्या मिसेसचं स्टँडवर बसून राहणं मला पोचलं.

मी एकटी राहते, वय ७१. आठवड्यातून दोनदा सार्वजनिक वाचनालयात जाते, १८४० पासूनचं आहे ते, आणि पुस्तक बदलून झालं की तिथेच ओळखीचं कोणीतरी भेटतंच. एकट्या बाईला दिवस घालवायला हे शहर बरं आहे. फक्त फुटपाथ द्या. मी दोनदा पडलेय, एकदा मनगट मोडलं, खोदून ठेवलेल्या चरात. पाऊस होता, चर पाण्याने भरलेला, रस्ता आणि खड्डा सारखाच दिसत होता.

द्वारकाजवळ

मी नर्स आहे, नाईट असते. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड जिथे भेटतात तो हा चौक, वरून उड्डाणपूल गेलाय तरी खाली तसंच. सकाळी ड्युटी संपवून पलीकडे रिक्षेपर्यंत जायचं तर हात वर करून ट्रकपुढे चालावं लागतं. शहर बस जुलै २०२१ पासून नव्याने सुरू झाली तेव्हा खूप बरं वाटलं होतं, शालिमारच्या शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून अर्धं अंग बाहेर काढून बसणं सुटलं, पण बस पण त्याच जाममध्ये उभी राहते. २०२१ च्याच केंद्राच्या बजेटमध्ये टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी २०९२ कोटी जाहीर झाले होते, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या मुलींनी पेढे वाटले होते. आम्ही अजून हात वर करूनच चालतो.

मखमलाबाद

शहरात राहायला येणाऱ्यांचं लिहून झालं, आम्ही इथलेच, शहर आमच्याकडे चालत आलं. चार एकर द्राक्ष होती. मजूर मिळेना, अवकाळी पावसात दोन वर्षं मणी तडकले, घडाला हात लावला की रस गळायचा, आणि तिन्ही बाजूंना प्लॉट पडले. भावांनी ठरवलं, दोन एकर दिली. बागेच्या तारा आणि अँगल भंगारवाल्याने मोजून ट्रॉलीत टाकले तेव्हा वडील घरातून बाहेरच आले नाहीत. आज तिथे सात मजली बिल्डिंग आहे, माणसं चांगली आहेत, गच्चीवरून आमची उरलेली बाग बघतात, मुलं विचारतात काका द्राक्ष तोडायला येऊ का, मी येऊ देतो. कुत्री अचानक गप्प झाली की बिबट्या आलाय समजतो, त्यांना मात्र व्हॉट्सॲपवर कळवावं लागतं, संध्याकाळी मुलांना खाली सोडू नका म्हणून. ताई, तुमच्या बहिणीला सांगा, या, पण विहिरी बुजवून बांधलेल्या जागेत घर घेऊ नका, आधी जवळच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा इथे काय होतं.

तपोवन परिसर

२०२७ च्या कुंभाची कामं चालू आहेत त्यामुळे सध्या सगळीकडे धूळच आहे. कुंभामुळे गावाला रस्ते मिळतात हे मान्य. पण साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभात साधूंच्या राहण्याच्या जागेसाठी, इथली झाडं तोडायचा विषय नोव्हेंबर २०२५ ला निघाला तेव्हा मी पण मुलाला घेऊन गेले होते. त्याने आमच्या फिरण्याच्या वाटेवरच्या एका चिंचेला मिठी मारली आणि सोडेचना.

इंदिरानगर (धागा मीच काढला होता)

सगळं वाचलं, बहिणीलाही पाठवलं. मखमलाबादच्या दादांचं विहिरीचं तिने वहीत लिहून घेतलंय. ती पुढच्या शनिवारी येतेय, दोन दिवस राहणार. शनिवारी संध्याकाळी सहाला मी तिला मुद्दाम द्वारकावरून आणणार आहे, रविवारी पहाटे कृषीनगरला. दुपारी जेवण झालं की भांडीबाजारात यायचं म्हणतोय, ताई तुम्ही दुकानात असाल ना? तिला एक पितळी पातेलं घ्यायचंय, घर घेतलं नाही तरी.