थंडीत सामानासकट उत्तरेला: तुमचे अनुभव सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडचं कुणी ना कुणी दरवर्षी नोकरीपायी उत्तरेला जातंच. बदलीची ऑर्डर नेमकी डिसेंबर-जानेवारीत हातात पडते आणि हाक जाते ती दाजींना, मामांना, नाहीतर शेजारच्या पोराला. तुम्ही कुणाचं बिऱ्हाड रस्त्यानं तिकडं पोचवलं असेल तर लिहा. गाडी कशी मिळाली, कुठं अडलं, काय कामाला आलं. प्रवासवर्णन नको, ढाब्यावरच्या थाळीचे फोटो तर मुळीच नकोत.

माझं आधी सांगतो. मेव्हण्याला गुरुग्रामला सोडायला त्याच्याच कारमधून गेलो होतो, सामानाचा ट्रक आदल्या दिवशी पुढं गेलेला. रस्ता शोधायचा प्रश्नच नाही. आपल्या दारावरून जाणारा 48 नंबरचा हायवेच पुणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला लागतो. उदयपूरपर्यंत एका स्वेटरवर भागलं. खरी गंमत जयपूर सोडल्यावर. कोटपुतलीच्या पुढं पहाटे धुकं असं उतरलं की बॉनेटचं टोक दिसेना. आपल्या जांबोटीकडचं धुकं वारा आला की हलतं, हे जाग्यावरून हलत नाही. मेव्हण्यानं सवयीनं हेडलाइटचा अप्पर मारला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. डिपरवर आणल्यावर निदान पुढचे चार हात दिसायला लागले. "दाजी, तुमच्या बाजूची पट्टी बघा हो," म्हणाला. मग मी काच खाली करून, डोकं बाहेर काढून, कडेची पांढरी पट्टी सांगत बसलो: आहे, आहे, जरा उजवीकडं घे. त्यात चारही इंडिकेटर लावून चालणारे लोक. पुढची गाडी उभी आहे की चालू, वळणार आहे की सरळ जाणार, काही म्हणजे काही कळत नाही. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी असतात. शेवटी एका पंपाच्या आवारात आत घेतली आणि ऊन येईपर्यंत बसलो. माझं मत स्पष्ट आहे: जयपूरला मुक्काम करा, सकाळी दहाच्या आत चावी फिरवू नका. "वेळ जातोय" म्हणणाऱ्या मेव्हण्याचं ऐकू नका.

निपाणीकर

आमच्याकडं धुक्याच्या आधी ऊस आडवा येतो. डिसेंबरात गळीत हंगाम ऐन भरात, त्यामुळं ट्रक म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, सगळं कारखान्याला जुंपलेलं. चुलतभावाचं बिऱ्हाड संकेश्वरहून जयपूरला न्यायचं होतं, तर कुणी दुप्पट भाडं सांगितलं, कुणी फोनच उचलेना. मग आमच्या एका मार्बलवाल्यानं सुचवलं की परतीची गाडी धरा. किशनगडहून मार्बल घेऊन आलेल्या गाड्या माल उतरवून परत जायला भाडंच शोधत असतात, आणि किशनगड जयपूरच्या वाटेवरच. भाडं पुष्कळ कमी पडलं. पण दोन गोष्टी बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या पावतीवर, लिहून घ्या: वाटेत दुसरा माल भरणार की नाही, आणि डागांची, म्हणजे नगांची, संख्या. आम्ही प्रत्येक डागावर रंगानं नंबर टाकला होता, तिकडं उतरवताना वाद झाला नाही. गाडीत मार्बलचा भुसा असतो तो झाडून घ्या, गाद्यांखाली ताडपत्री घाला.

आणि गाडी दिवसाच भरा, दिवसाच हायवेला लावा. अंधार पडला की दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर मागं दिवा ना रिफ्लेक्टर असे चाललेले असतात. तवंदी घाटात अशाच एकाच्या मागं आमचा राजस्थानी ड्रायव्हर इतका चिडला की त्याच्या भाषेत काय बोलला ते विचारू नका.

टिळकवाडी

पुरुष मंडळी रस्ता सांगतात, कागद आम्हालाच सांभाळावे लागतात. अक्काचं मोहालीला हलवताना मी यादी धरून बसले होते.

गॅसचं सिलिंडर ट्रकात चढवायचं नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत द्या, डिपॉझिट घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर जपून ठेवा. तिकडं ते दाखवून नवीन कनेक्शन मिळतं. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद, लागत नाही. तरी सामानाची यादी आणि बदलीच्या ऑर्डरची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ दिलेली बरी, नाक्यावर कुणी विचारलंच तर बोलणं आटोपतं. केए-22 ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, कार बारा महिन्यांपेक्षा जास्त तिकडं ठेवणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही. हे निघण्याआधीच करा, तिथून फोनवर होत नाही.

फ्रीज उभाच न्या. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या मागं लावायचे लांब बोल्ट असतात. मशीन बसवणारा ते काढून एका पिशवीत देतो आणि आपण पिशवी माळ्यावर टाकतो. अक्काची सापडली, जुन्या गणपतीच्या मखरामागं. ते न लावता मशीन नेलं तर आतला ड्रम खड्ड्या-खड्ड्याला आपटतो.

वाटेत खायला दशम्या आणि शेंगाचटणी. कुंदा नवीन शेजाऱ्यांसाठी वेगळा बांधा, नाहीतर पुण्यापर्यंतच संपतो.

शहापूर

डिसेंबर म्हणजे आपल्या बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा महिना, सीमावाद तापतो, हे विसरू नका. 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली तेव्हा मित्राचं सामान इंदूरला निघायचं होतं. एमएच-09 वाला कोल्हापूरहून यायला तयार होईना, त्याचं काय चुकलं? इथल्या टेम्पोनं हद्दीपलीकडं कागलला नेलं आणि तिथं त्याच्या गाडीत चढवलं. हमाली दोनदा, कपाटाची काच एकदा. बातम्या बघून तारीख ठरवा.

फौजी, कॅम्प

इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून निघालेल्या कितीतरी बिऱ्हाडांना हात लावलाय. काश्मीरला जाणार असाल तर 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस टाळता आले तर टाळा. चिल्ला-ए-कलान म्हणतात त्याला, थंडीचा सगळ्यात कडक काळ. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फानं किंवा दरड कोसळून कधीही बंद होतो. जड सामान जम्मूलाच कुणाकडं ठेवा, रस्ता मोकळा झाला की मागवा.

डिझेल गाडी असेल तर आपल्याकडचं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. कडक थंडीत ते दाटतं, मेण फिल्टरात अडकतं आणि सकाळी गाडी उठत नाही. टाकी पठाणकोटच्या आसपास संपत आणा आणि तिकडचं भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालत असाल तर आधी काढून कूलंट भरा. बॅटरी जुनी असेल तर इथंच बदला.

खानापूर

वाकळा, बादली, एक बल्ब आणि चहाचं सामान ट्रकात टाकू नका, कारमध्ये घ्या. ट्रक धुक्यात अडकतो आणि तुम्ही रिकाम्या घरात.

बैलहोंगल

वरच्याला जोडून. तिकडं घरमालक आपुलकीनं कोळशाची शेगडी आणून देतात. आपल्या लोकांना सवय नाही, दारं-खिडक्या लावून शेजारी ठेवून झोपतात. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. शेगडी अंगणात शेकायची, झोपायच्या खोलीत न्यायचीच नाही. पोचल्या दिवशीच विजेचा हीटर घ्या. पण भाड्याच्या घरातलं वायरिंग आधी बघा, आमच्या मामांकडं पहिल्याच रात्री प्लग वितळला होता.